शहर सोडून न गेलेली माणसे

महामारीचा इतिहास लिहिताना सामान्यतः तीन प्रकारच्या माणसांची नोंद घेतली जाते. जे मृत्यू पावले ते, जे भयाने गाव सोडून गेले ते आणि ज्यांनी रोगाचे मूळ शोधून काढले किंवा त्यावर लस तयार केली ते. मृतांची संख्या कोष्टकात येते, पळून गेलेल्यांचा अंदाज सरकारी अहवालात येतो आणि शास्त्रज्ञांच्या नावाने संस्था व पुतळे उभे राहतात. परंतु प्रत्येक साथीत आणखी एक वर्ग असतो. गटारे धुणारे, मैला वाहणारे, प्रेते उचलणारे, रुग्णाला डोलीत घालून इस्पितळात पोचविणारे, घरोघरी चुना लावणारे, वॉर्डातील आया आणि परिचारक, नाक्यावर उभे राहणारे शिपाई अशी ही माणसे. शहर रिकामे होत असता यांना जाता येत नाही, कारण शहर राहण्याजोगे ठेवण्याचे काम यांच्याच हातून व्हायचे असते. मग या माणसांच्या प्रकृतीची काळजी कोणी घ्यायची? ती घेतली गेली असेल तर केव्हा, आणि कोणत्या विचाराने? १८९६ साली मुंबईत उद्भवलेल्या प्लेगची हकीकत या प्रश्नाच्या दृष्टीने वाचली असता पुष्कळ काही शिकविते.

त्या वर्षीचा पावसाळा सरत आला होता. बंदराला लागून असलेल्या मांडवी भागात धान्याच्या वखारी होत्या, आणि त्या वखारींच्या वर व आजूबाजूला दाटीवाटीची वस्ती होती. वखारींतून उंदीर मरून पडत असल्याचे लोक पाहत होते, पण त्याचा अर्थ कोणाला उमगला नव्हता. याच भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस हे वैद्यकीचा व्यवसाय करीत असत. ते नगरपालिकेचे सभासदही होते. जांघेत गाठ, तीव्र ज्वर आणि थोड्याच दिवसांत मृत्यू, अशी लक्षणे असलेले रुग्ण त्यांनी सप्टेंबरमध्ये तपासले आणि हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. निदान अप्रिय होते. मुंबई हे व्यापाराचे शहर असल्यामुळे प्लेगचे नाव उच्चारणे म्हणजे परदेशी बंदरांची दारे आपणहून लावून घेण्यासारखे होते. परंतु थोड्याच दिवसांत मृत्यूंनीच त्या निदानाला पुष्टी दिली.

१८९१ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांच्या वर होती. पुढल्या चार-पाच महिन्यांत त्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. आगगाड्या आणि कोकणात जाणाऱ्या बोटी भरभरून जाऊ लागल्या. गिरण्यांना मजूर मिळेनात, बाजारपेठा ओस पडल्या. ज्यांना गावी घर होते ते गावी गेले; ज्यांच्याजवळ पैसा होता ते मोकळ्या हवेच्या ठिकाणी गेले. उरले ते एक तर जाण्याचे साधन नसलेले, किंवा ज्यांचे कामच त्यांना जाऊ देत नव्हते असे.

या दुसऱ्या वर्गात सर्वांत महत्त्वाचे कोण होते हे समजण्यासाठी त्या काळच्या मुंबईची रचना ध्यानात घेतली पाहिजे. पुष्कळशा घरांना आणि चाळींना जमिनीखालून जाणारे मलनिस्सारण नव्हते. शौचकूपांतील मैला टोपल्यांत पडे आणि त्या टोपल्या दोन इमारतींच्या मधल्या अरुंद बोळातून काढाव्या लागत. या बोळाला मुंबईकर घरगल्ली म्हणत. सूर्यप्रकाश जेथे क्वचितच पोहोचे, वरच्या मजल्यांवरून जेथे खरकटे आणि सांडपाणी पडे, त्या घरगल्लीत उतरून रोजच्या रोज मैला काढणे हे हलालखोरांचे काम. रस्ते झाडणे, कचरा भरणे व वाहणे हे बिगाऱ्यांचे काम. या कामावरची बहुतेक माणसे गुजरात-काठेवाडातून किंवा कोकण आणि देशावरील खेड्यांतून आलेली, समाजाने अस्पृश्य ठरविलेल्या जातींतली होती. शहराने त्यांना आपल्या घरात कधी येऊ दिले नाही. पण ते दोन दिवस आले नाहीत तर घरात राहणे अशक्य होईल, हेही शहराला ठाऊक होते.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी १८८८ च्या नगरपालिका कायद्याच्या आधारे एक जाहीरनामा काढला. प्लेगचा रुग्ण आढळल्यास त्याला सक्तीने इस्पितळात नेता येईल आणि त्याच्या घराची शुद्धी करता येईल, असा त्याचा आशय होता. जाहीरनाम्यामागचा हेतू वाईट नव्हता, परंतु त्याने शहरात भयाची लाट उसळली. आर्थर रोडचे साथीच्या रोगांचे इस्पितळ म्हणजे जिवंतपणी जाण्याची स्मशानभूमी, असा समज पसरला. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव या इस्पितळावर चालून गेला. दुसऱ्याच दिवशी कमिशनरांनी आपला हुकूम सैल केला.

हुकूम सैल करण्याचे कारण केवळ दंगल एवढेच नव्हते. स्नो यांनी पुढे लिहिलेल्या अहवालात आपल्या मनातली खरी धास्ती नोंदवून ठेवली आहे. हलालखोर आणि बिगारी यांच्यातही पळापळ सुरू होईल आणि ते शहर सोडून जातील, ही ती धास्ती. ते गेले असते तर मुंबई म्हणजे कुजणाऱ्या मैल्याचा एक प्रचंड ढिगारा झाली असती, असे त्यांचे मत होते. सैन्य आणता आले असते, डॉक्टर विलायतेहून मागविता आले असते. परंतु हजारो घरगल्ल्यांत उतरणारी माणसे कोठून आणणार? शहराच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला त्या दिवसांत शहराच्या सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाचे मन राखणे भाग पडले.

या घटनेत एक विसंगती आहे आणि तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. सफाई कामगारांचे महत्त्व नगरपालिकेने ओळखले ते भीतीपोटी. ते जाऊ नयेत म्हणून त्यांना हुकमाच्या जाचातून सवलत मिळाली. परंतु ज्या घरगल्लीत त्यांना उतरावे लागे ती तशीच राहिली. त्यांच्या प्रकृतीचा प्रश्न ते कामावर येतात की नाही, या एका प्रश्नात विरघळून गेला. साथीच्या पुढील इतिहासात ही गोष्ट वारंवार दिसते. सेवक हजर राहणे आणि सेवक निरोगी राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे राज्यकर्त्यांच्या ध्यानात फार उशिरा येते.

त्या कर्मचाऱ्यांना कोणते काम दिले गेले हे पाहू. त्या काळच्या वैद्यकशास्त्राला प्लेगचा जंतू ठाऊक झाला होता. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी तो शोधून काढला होता. परंतु तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो याविषयी अंधारच होता. घाण, कोंदट हवा, ओलसर जमीन, रुग्णाचे कपडे यांतच रोगाचे मूळ असावे, असे मानले जाई. म्हणून मोठ्या प्रमाणावर सफाई आरंभण्यात आली. समुद्राचे पाणी व कार्बोलिक यांनी गटारे धुण्यात आली. घरांचा उजेड वाढविण्यासाठी कौले काढली, भिंतींना चुना लावला, सामान बाहेर काढून जाळले. मजुरांच्या तुकड्या वखारींतून आणि अंधाऱ्या खोल्यांतून कचरा उपसू लागल्या. या कचऱ्यात मेलेले उंदीर असत. त्या उंदरांना हात लावू नये, असे मजुरांना सांगणारा कोणी नव्हता, कारण ते कोणाला माहीतच नव्हते.

हे रहस्य उलगडले ते पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने. प्लेगच्या अभ्यासासाठी तो हिंदुस्थानात आला होता. उंदरावरची पिसू हीच प्लेगची वाहक आहे, हे त्याने जून १८९८ मध्ये कराची येथे प्रयोगाने दाखविले. या निष्कर्षाकडे त्याला नेणाऱ्या ज्या हकीकती त्याने नोंदवून ठेवल्या आहेत, त्यांतली एक येथे सांगितली पाहिजे. एका लोकरीच्या कारखान्यात सकाळी कामगार आले तेव्हा जमिनीवर पुष्कळ उंदीर मरून पडलेले दिसले. वीस मजुरांना ते उंदीर उचलून जागा साफ करण्याचा हुकूम झाला. तीन दिवसांच्या आत त्या विसांपैकी दहा जणांना प्लेग झाला. कारखान्यातील इतर कोणाही कामगाराला तो झाला नाही.

शास्त्राच्या दृष्टीने ही नोंद अमूल्य आहे. मेलेल्या उंदराचे शरीर थंड पडू लागले की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवे शरीर शोधतात आणि जवळचा माणूस त्यांना सापडतो, हे तिने सुचविले. परंतु प्रशासनाच्या दृष्टीनेही ती तितकीच बोलकी आहे. त्या वीस माणसांनी काही साहस केले नव्हते. त्यांना एक हुकूम मिळाला आणि त्यांनी तो पाळला. हुकूम देणाऱ्याच्या मनातही दुष्टावा नव्हता. ती माणसे गेली ती अज्ञानाने, आणि त्या अज्ञानाची किंमत हुकूम देणाऱ्याला मोजावी लागली नाही. ती झाडू हातात असणाऱ्याने मोजली.

याच्याच जोडीला दुसरी एक गोष्ट त्या काळच्या डॉक्टरांच्या प्रत्ययास आली. आर्थर रोड इस्पितळाचे प्रमुख डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांच्यासारख्यांनी हजारो रुग्णांवर उपचार केले. स्वच्छ आणि हवेशीर वॉर्डात गाठीच्या प्लेगच्या रुग्णाची सेवा करणाऱ्यांना तो रोग क्वचितच होतो, असा प्लेगच्या इस्पितळांचा अनुभव होता. लोक ज्या इस्पितळाला मृत्यूचे घर समजत होते, तेथील परिचारक त्या मानाने सुरक्षित होते. आणि ज्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते ते वखार झाडणारे मजूर खऱ्या धोक्यात होते. धोका नेमका कोठे आहे हे कळल्याखेरीज संरक्षण कोणाला द्यायचे हेही कळत नाही, असा याचा अर्थ.

परंतु वॉर्डातही एक अपवाद होता आणि तो भयंकर होता. गाठ न येता रोग थेट फुप्फुसांत शिरला तर रुग्णाच्या खोकल्यातून तो समोरच्या माणसाला गाठू शके. मुंबईचे डॉ. चाइल्ड यांनी १८९६ च्या अखेरीस शवविच्छेदनावरून प्लेगचा हा फुप्फुसज प्रकार ओळखला. जानेवारी १८९७ मध्ये जे. जे. इस्पितळाचे ज्येष्ठ डॉक्टर मॅन्सर हे प्लेगने मृत्यू पावले. अंगावरचा अधिकार किंवा वैद्यकातली विद्वत्ता ही रोगापुढे ढाल होत नाही, हे शहराने पाहिले. तोंडावर कापडाची घडी बांधून प्लेगच्या रुग्णाजवळ जाण्याची रीत पुढे मांचुरियातील १९१०-११ च्या फुप्फुसज प्लेगमध्ये डॉ. वू ल्यन-त यांनी आग्रहाने रुजविली. साध्या कापसाची आणि जाळीच्या कापडाची ती पट्टी म्हणजे आजच्या मुखपट्टीची पूर्वज होय.

मुंबईत या सर्व काळात ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत वेगळेच काम चालले होते. ओडेसा येथे जन्मलेले आणि पाश्चरच्या संस्थेत काम केलेले डॉ. वाल्डेमार हाफकिन हे ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले. त्यांच्या मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच सरंजाम होता. प्लेगचे जंतू वाढविण्याचे हे काम इतके ताणाचे होते की मदतनीसांपैकी एकाचे मन खचले आणि इतरांनी काम सोडण्याची भाषा केली. प्रयोगशाळेतला शिपाई हाही साथीचा आघाडीवरचा सेवकच असतो, हे आपण सहसा विसरतो. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे सामान्यतः देण्यात येणाऱ्या मात्रेहून मोठ्या प्रमाणात. त्यांना ताप आला, हात दुखला, पण त्यांनी आपले काम थांबविले नाही. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचण्यात आली. लस न घेतलेल्यांच्या मानाने लस घेतलेल्यांत रोग पुष्कळ कमी झाला. ज्यांना धोक्याच्या जागी राहणे भाग आहे त्यांना धोक्यापूर्वीच सबळ करता येते, ही नवी शक्यता या लसीने निर्माण केली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या सरकारी निवासात प्लेग प्रयोगशाळा हलविण्यात आली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

तरीही लस निघाली म्हणून ती सर्वांपर्यंत पोचली असे नाही. लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप यायचा. पगारी अधिकाऱ्याला ती रजा होती. रोजावर जगणाऱ्या बिगाऱ्याची तेवढी मजुरी बुडायची. शिवाय ज्या सरकारचे शिपाई घरात घुसून रुग्ण ओढून नेत होते, त्याच सरकारची सुई आपल्या भल्यासाठी आहे, यावर सामान्य माणसाचा विश्वास बसणे कठीण होते. संरक्षणाचे साधन आणि त्या साधनावरचा विश्वास या दोन्ही गोष्टी बरोबरच तयार कराव्या लागतात, हा त्या काळाचा आणखी एक धडा.

हा अविश्वास वाढण्यास कायद्याचाही हातभार लागला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. तो अवघ्या चार कलमांचा होता. त्यातल्या शेवटच्या कलमाने, या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणाही व्यक्तीवर दावा चालणार नाही, अशी हमी दिली. साथीत काम करणाऱ्याला 'संरक्षण' देणारे हे आपल्याकडील आरंभीच्या कलमांपैकी एक. ते संरक्षण न्यायालयापासून होते. रोगापासून संरक्षणाचे, आजारपणातील पगाराचे, किंवा सेवेत मृत्यू आल्यास मागे राहिलेल्या कुटुंबाच्या पोषणाचे एकही वचन त्या चार कलमांत नव्हते. हुकूम देणाऱ्याची चिंता कायद्याने वाहिली. हुकूम पाळणाऱ्याची वाहिली नाही.

पुण्यात या कायद्याचा अंमल कसा झाला हे महाराष्ट्रात सर्वविश्रुत आहे. रँड यांच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरांची झडती घेतली. लोकांच्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ च्या गोळीबारात झाला. मुंबईतही ९ मार्च १८९८ रोजी रुग्णाच्या तपासणीवरून मोठी दंगल उसळली. या दोन्ही प्रसंगांचा राजकीय इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की आज्ञा वरून सुटते आणि दगड खाली पडतो. जाचक हुकूम काढणारा समितीच्या दालनात असतो. लोकांच्या रोषाला तोंड देणारा इस्पितळाच्या फाटकावरचा पहारेकरी आणि डोली उचलणारा हमाल असतो. म्हणून साथीच्या काळात लोकांशी सभ्यतेने वागणे हेही सेवकाच्या संरक्षणाचेच एक अंग ठरते.

त्याच पुण्यात त्याच महिन्यांत सेवेचे एक दुसरे चित्र दिसते. सावित्रीबाई फुले यांचे वय तेव्हा ६६ वर्षांचे होते. जोतीरावांच्या निधनाला सहा वर्षे उलटून गेली होती. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंतराव यांनी पुण्याबाहेर हडपसरजवळील ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. गाव ज्यांना हात लावण्यास तयार नव्हते अशा रुग्णांना सावित्रीबाई तेथे घेऊन येत. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. या सेवेतच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. पुढे काही वर्षांनी यशवंतरावही प्लेगनेच गेले.

सावित्रीबाईंच्या या मृत्यूला आपण हौतात्म्य म्हणतो आणि ते योग्यच आहे. परंतु हौतात्म्याची पूजा करताना एक धोका संभवतो. त्यागाचे गुणगान इतके मोठे व्हावे की त्याग करावाच लागू नये अशी व्यवस्था करण्याचे कर्तव्य झाकले जावे, हा तो धोका. सावित्रीबाई स्वेच्छेने गेल्या. घरगल्लीत उतरणाऱ्या हलालखोराला निवड नव्हती. जे काही मोजक्या थोर आत्म्यांकडून मिळते त्याची अपेक्षा हजारो सामान्य नोकरदारांकडून, तीही त्यांच्या हाती कोणतेही साधन न देता करणे, हा न्याय नव्हे.

पुढील मोठी साथ आली ती १९१८ मध्ये. मुंबईत इन्फ्लुएंझाचे पहिले रुग्ण कोण होते याची नोंद उपलब्ध आहे. १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन पोलीस इस्पितळात दाखल झाले. त्यांच्यापैकी एक जण गोदीत नेमणुकीस होता. महायुद्धाच्या धामधुमीत जहाजांची ये-जा चालू होती आणि रोग बंदराच्या वाटेने आला. त्याची पहिली गाठ कोणाशी पडली, तर बंदराच्या पहाऱ्यावर उभ्या असलेल्या शिपायाशी. त्या शिपायांच्या तापाकडे वेळीच धोक्याची घंटा म्हणून पाहिले गेले असते तर साथ टळली असती असे नाही. परंतु सेवकांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणे म्हणजे सबंध शहराच्या नाडीवर बोट ठेवणे होय, एवढे या नोंदीवरून निश्चित दिसते. त्याच वर्षी ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे मृत्यू पावली.

त्यानंतर कायद्याची दृष्टी हळूहळू बदलू लागली. १९२३ मध्ये कामगारांना नुकसानभरपाई देण्याचा कायदा झाला. कामावर झालेल्या अपघाताबरोबरच कामामुळे जडलेल्या काही रोगांनाही त्याने भरपाईस पात्र ठरविले. पुढील दुरुस्त्यांत संसर्गाचा विशेष धोका असलेल्या कामांतून होणाऱ्या संसर्गजन्य रोगांचा समावेश त्याच्या परिशिष्टात झाला. इस्पितळात किंवा प्रयोगशाळेत काम करताना झालेला रोग हा सेवकाच्या नशिबाचा भाग नसून नोकरीचा परिणाम आहे, ही कल्पना अशा रीतीने कायद्याच्या भाषेत आली.

२०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा राज्यांनी आधार घेतला तो १८९७ च्या त्याच कायद्याचा. डॉक्टर, परिचारिका आणि आशा सेविका यांच्यावर हल्ले होऊ लागले, तेव्हा त्या जुन्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने, आणि पुढे सप्टेंबरात संसदेने केलेल्या कायद्याने, आरोग्यसेवकावरील हिंसा हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरला. त्याला तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापत झाल्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांच्या विम्याची योजनाही जाहीर झाली आणि तीत सफाई कर्मचारी, वॉर्डबॉय व आशा सेविका यांचा समावेश करण्यात आला. न्यायालयापासून रक्षण करणाऱ्या कायद्याला हल्ल्यापासून रक्षण करण्यापर्यंत यावयास १२३ वर्षे लागली.

तरीही दंडाचे कलम आणि विम्याची रक्कम या दोन्ही गोष्टी अनर्थ घडून गेल्यावर कामास येतात. अनर्थापूर्वी कामास येतात त्या फार साध्या गोष्टी आहेत. मापाचे हातमोजे, धड मुखपट्टी, काम संपल्यावर अंघोळीसाठी पाणी व साबण, कपडे बदलण्यासाठी जागा, वेळेवर लस, ताप आल्यास पगार न कापता विश्रांती आणि घरच्यांना संसर्ग होऊ नये म्हणून राहण्याची वेगळी सोय. या यादीत एकही वस्तू दुर्मिळ नाही. परंतु ती यादी कायम नोकरीतल्या माणसाला लागू होते आणि त्याच्या शेजारी तोच झाडू हातात घेतलेल्या कंत्राटी माणसाला लागू होत नाही, असे जेव्हा घडते तेव्हा १८९६ ची घरगल्ली अजून पुरती बुजलेली नाही असे म्हणावे लागते. जंतूला हजेरीपट वाचता येत नाही. कोण कायम आणि कोण कंत्राटी हा भेद त्याच्यापाशी नसतो.

मुंबईच्या त्या हकीकतीतील विचार थोडक्यात मांडायचा तर असा. साथीत आघाडीवर काम करणाऱ्याचे आरोग्य ही त्याची खाजगी बाब नाही, आणि त्याला दिलेले संरक्षण हा उपकारही नाही. धरणाच्या भिंतीची डागडुजी करताना आपण भिंतीवर उपकार करीत नाही. तिच्या पायथ्याशी असलेले गाव वाचवीत असतो. स्नो यांना हे भयाच्या क्षणी जाणवले आणि भय ओसरताच विसरले गेले. शांततेच्या काळात ते आठवत राहणे आणि साधने अगोदर जमवून ठेवणे, यालाच प्रशासन म्हणतात.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोरोनाची लस देण्यास आरंभ झाला. पहिला हक्क आरोग्यसेवकांचा आणि त्यांच्यामागून पोलीस, सफाई कामगार यांसारख्या आघाडीवरच्या सेवकांचा, असा क्रम ठरविण्यात आला होता. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्या दिवशी पहिली लस टोचण्यात आली ती एका सफाई कर्मचाऱ्याला. हाफकिन यांनी मुंबईत स्वतःला सुई टोचून घेतली त्याला तेव्हा १२४ वर्षे आणि सहा दिवस झाले होते. १८९६ मध्ये ज्याच्या पळून जाण्याच्या कल्पनेने शहर हादरले होते, त्या माणसाचा वारस त्या दिवशी रांगेत सर्वांच्या पुढे उभा होता. ती जागा त्याला उशिरा मिळाली. पुढच्या साथीत ती त्याला मागावी लागू नये.